‘जपून राहा’ म्हणजे नेमकं काय?

मनू, भडंगाचा डबा पोचला. सांगलीहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं कराड स्टँडवर तो माझ्या हातात दिला, तेव्हा झाकणाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी बघून मला हसूच आलं. भडंगाला एवढा बंदोबस्त कशाला, असं वाटलं. घरी येऊन उघडल्यावर कळलं. पिशवीखाली बारीक घडी घातलेली चिठ्ठी होती. तुझी आई, म्हणजे माझी काकी, तुझा फोन उघडून बघते, म्हणून हा एसटीचा मार्ग, हेही कळलं.

चार ओळी, त्यातली दीड खोडलेली. होस्टेलवरच्या एका मुलीला घरच्यांनी मधूनच नेलं, सगळ्या कुजबुजतायत, रेक्टर विषय निघाला की उठून जातात, आणि शेवटी तुझा प्रश्न: "अक्का, असं होतं कसं?"

आधी माझं पाप कबूल करते. ‘होस्टेलवरची एक मुलगी’ म्हणजे तूच तर नव्हेस, हा विचार माझ्या डोक्यातून सर्रकन गेला. इतकी वर्षं उपकेंद्रावर बायका तपासणारी मी आरोग्यसेविका, आणि माझीही धाव तिथंच. मग उमगलं, ह्याच संशयाला भिऊन पोरी विचारत नाहीत. काही विचारलं की ‘तुला कशाला हवंय ते?’ हा प्रश्न उलटा अंगावर येतो. मी तो विचारणार नाही. तू 17 वर्षांची आहेस, एवढं कारण मला पुरतं.

दिवाळीनंतर तुला सोडायला आम्ही विश्रामबागच्या होस्टेलवर आलो होतो, आठवतं? काकीनं पिशव्या खाली ठेवल्या, तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जपून राहा गं बाई." माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आईही हेच म्हणाली. आत्या तिच्या लेकीला हेच म्हणाली. कशापासून जपायचं आणि कसं, हे तिघींपैकी एकीनंही सांगितलं नाही. अगं, आपल्याकडं माळ्यावरून लोणच्याची बरणी उतरवायची तर खालून चार जणी ओरडतात, "दोन्ही हातांनी धर, बुडाला हात लाव, ओला हात नको." बरणीला एवढ्या सूचना आणि पोरीला नुसतं ‘जपून’.

माझी गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. शाळेत असताना लायब्ररीत शरीराची माहिती देणारं एक पुस्तक होतं. त्यातली दोन पानं बाईंनी स्टेपलर मारून जोडून टाकली होती. आमच्या आधीच्या पोरींनी पिना उचकटून वाचून पुन्हा तशाच बसवल्या होत्या, इतक्या वेळा, की भोकं मोठी होऊन पिना नुसत्या लोंबत होत्या. आम्हीही वाचलं. चित्रं उभं चिरलेल्या शरीराची, नावं सगळी संस्कृत. बीजांडकोश, गर्भाशयमुख. त्यात आपण कुठं आहोत, हे काही कळेना. मला अजून वाटतं, आपली निम्मी अडचण भाषेचीच आहे. त्या अवयवांची बोलीतली नावं म्हणजे शिव्या आणि पुस्तकातली नावं म्हणजे मंत्र. आईनं लेकीशी बोलायचं तर कुठल्या शब्दांत?

2008 साली माझं लग्न झालं. मी 19 वर्षांची. ‘पहिल्या-पहिल्या वेळी काही राहत नसतं’ असं मला मैत्रिणीनं सांगितलेलं, तिला तिच्या वहिनीनं. दुसऱ्याच महिन्यात पाळी चुकली. जागरणानं, प्रवासानं चुकली असेल म्हणून मी गप्प बसले, आणि तिसऱ्या महिन्यात घरभर पेढे वाटून झाले.

आता ह्यातली गंमत ऐक. त्याच्या आदलं साल, 2007, आपल्या राज्यात फार विचित्र गेलं. शाळांमधून किशोरवयीन मुलांना लैंगिक शिक्षण द्यायचा केंद्राचा कार्यक्रम आला होता. त्यातल्या चित्रांवरून, शब्दांवरून गदारोळ झाला आणि महाराष्ट्रानं त्यावर बंदी घातली. संस्कृती बुडते म्हणे. आणि त्याच साली आपल्या सातारा जिल्हा परिषदेनं एक योजना काढली, नाव ‘सेकंड हनिमून पॅकेज’. नव्या जोडप्यानं पहिलं मूल दोन वर्षं लांबवलं तर 5,000 रुपये, तीन वर्षं लांबवलं तर 7,500. आरोग्यसेविका दारोदार जाऊन नव्या नवऱ्या शोधायच्या आणि ‘थोडं थांबा’ म्हणून सांगायच्या. 2010 साली ह्यावर पार अमेरिकेतल्या न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख आला. म्हणजे बघ, शाळेत सांगायला बंदी, आणि लग्न झाल्यावर, ज्याची माहितीच कुणी दिली नाही ते पाळल्याबद्दल बक्षीस.

मी त्या योजनेला हसत नाही हं. ‘वर्षाच्या आत पाळणा हलला पाहिजे’ म्हणणाऱ्या सासवांच्या दारात जाऊन पाळणा लांबवा म्हणणं सोपं नव्हतं. आमच्या गावातली सिस्टर वही घेऊन आमच्याकडं आली, तेव्हा मी मोरीत उलट्या काढत होते. सासूबाईंनी ओसरीवरूनच सांगितलं, "आमच्यात लागला नंबर." सासऱ्यांना 5,000 रुपये हुकल्याचं वाईट वाटलं. सिस्टरनं वही मिटली, आत आली, माझ्या पापण्या खाली ओढून बघितल्या आणि म्हणाली, "रक्त नाही की गं अंगात." तपासलं तर हिमोग्लोबिन 7. दादू झाला तेव्हा त्याचं वजन 1 किलो 900 ग्रॅम. महिनाभर मी त्याला पोटाशी बांधून ठेवला होता. त्या बाईकडं बघूनच मी पुढं एएनएमच्या शिक्षणाला गेले. पण तिनं ती वही मला सहा महिने आधी दाखवायला हवी होती, ही रुखरुख आहे. तशी ती तरी कशी दाखवणार? लग्नाआधी मी तिच्या यादीत नव्हतेच. लग्नाआधीच्या पोरी कुणाच्याच यादीत नसतात.

तर, असं होतं कसं.

ओटीपोटात मुठीएवढी गर्भाची पिशवी असते, तिच्या दोन बाजूंना दोन बीजकोश. महिन्याला साधारण एक बीज पिकून बाहेर पडतं, पुढची पाळी यायच्या सुमारे 14 दिवस आधी. ते टिकतं जेमतेम एक दिवस. शारीरिक संबंध म्हणजे पुरुषाचं लिंग बाईच्या योनीत जाणं. त्यातून आत गेलेलं वीर्य मात्र लगेच मरत नाही, त्यातले शुक्राणू पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. बीज आणि शुक्राणू भेटले, ते पिशवीच्या अस्तरात रुजलं, की दिवस गेले. रुजलं नाही तर ते अस्तर पाळी होऊन बाहेर जातं. एवढंच आहे सगळं. ह्याच्यासाठी पिना.

मग लोक म्हणतात ते ‘सुरक्षित दिवस’? ज्या बाईची पाळी घड्याळासारखी येते तिचाही हिशोब चुकतो. तुमच्या वयात पाळी कधी 25 दिवसांनी, कधी 40 दिवसांनी. ते गणित मांडूच नकोस. शाळांमध्ये आम्ही बोलायला जातो तेव्हा मी एक खोका ठेवते, मुली निनावी चिठ्ठ्या टाकतात. दरवर्षी नुसती अक्षरं बदलून तेच प्रश्न. मिठी मारली तर राहतं का? नाही. एकाच संडासात मुलं-मुली गेली तर? नाही. पहिल्या वेळी राहतं का? राहतं. त्यानं शेवटी बाहेर काढलं तर? तरी राहू शकतं. नंतर लगेच धुतलं तर? धुण्यानं काही होत नाही. पपई खाल्ली तर पडतं का? पपई खाऊन पोट बिघडतं. आणि एक चिठ्ठी, पेन्सिलीनं, फार बारीक: "पाळी अजून आली नाही तर काहीच होत नाही ना?" तसंही नाही गं. पहिली पाळी यायच्या आधीही बीज पिकलेलं असू शकतं. ती चिठ्ठी कुणाची, हे मी तोंडं बघून शोधायचा प्रयत्न केला होता. सापडली नाही. मग सगळ्यांसमोरच 1098 हा नंबर फळ्यावर लिहिला आणि सांगितलं, मामा असो, काका असो, सर असो, शेजारचा दादा असो, नको तिथं हात लावला तर चूक त्याची, आणि हा नंबर मुलांसाठीच आहे, फुकट लागतो. ‘असं’ झालेल्या प्रत्येक मुलीचं काही लफडं नसतं, हे होस्टेलवरच्या कुजबुजीत कुणाला आठवतंय का?

आता दादूचं सांगते, तू हसशील. तो 16 वर्षांचा झाला तेव्हा मी ठरवलं, बोलायचंच. समोर बसून जमेना, म्हणून मी चपात्या लाटत होते आणि त्याला भाजायला उभा केला. पाठमोऱ्या माणसाशी बोलणं सोपं जातं. मी सगळं सांगितलं, निरोध काय असतो इथपर्यंत. त्याचे कान लाल. दोन चपात्या करपल्या. शेवटी म्हणाला, "आई, पण हे तू मला का सांगतेस? मी काय मुलगी आहे?" बघ. माझ्या पोटचा, माझ्या घरात वाढलेला. ‘जपून राहा’ हे वाक्य त्याला कुणी कधी म्हटलंच नव्हतं, म्हणून ते काम पोरींचं, अशी त्याची समजूत. मी लाटणं खाली ठेवलं आणि त्याला म्हटलं, "दिवस मुलीला जातात, पण आपोआप जात नाहीत."

मनू, कुणी आवडणं ह्यात काही पाप नाही. मलाही आवडायचा एक, तासगावला, द्राक्षाच्या गाडीवर यायचा. पोटात गोळा येणं, वहीच्या मागच्या पानावर नाव लिहून खोडणं, हे सगळं वयाचंच आहे. पण एक ओळखायला शीक. ‘प्रेम असेल तर सिद्ध कर’ म्हणणाऱ्याला प्रेम नको असतं, पावती हवी असते. ‘तसला फोटो पाठव, मी लगेच डिलीट करतो’ हेही त्यातलंच. तो डिलीट करत नाही. आणि त्यानं केला तरी तोवर फोटो तिसऱ्याकडं गेलेला असतो. पाठवला गेला असेल आणि त्यावरून कुणी धमकावत असेल, तर त्याच्या पुढच्या मागण्या पुऱ्या करू नकोस. तिथंच थांब आणि मोठ्या माणसाला सांग. ‘नाही’ म्हणायला कारण द्यावं लागत नाही. काल ‘हो’ म्हटलं म्हणून आज ‘हो’ म्हणायला बांधील नसतेस. आणि ‘मला अजून नकोय’ हे पूर्ण उत्तर आहे, त्याच्यापुढं ‘सॉरी’ लावायची गरज नाही.

कायद्याचंही ऐकून ठेव, कारण तो तुमच्या गोड गप्पांत कधी येत नाही आणि नंतर एकदम दारात उभा राहतो. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं 18 वर्षांखालच्या मुलीचं ‘हो’ हे ‘हो’ धरलंच जात नाही. मुलगा तिच्याच वर्गातला असला, दोघांची मर्जी असली, तरी गुन्हा त्याच्यावर लागतो. मुलीला घरी नेतात, मुलाला निरीक्षणगृहात नेतात, दोघांची बारावी बुडते. हे बरोबर की चूक, ह्यावर मोठमोठे वकील भांडतायत. माझं मत विचारशील तर, दोन सतरा वर्षांच्या पोरांना आणि एका लांडग्याला एकाच दावणीला बांधणं मला पटत नाही. पण आज कायदा हा आहे, आणि तो तुम्हाला दोघांनाही माहीत पाहिजे.

आता समज, झालंच. कुणाच्याही बाबतीत. चूक झाली, निरोध फाटला, जबरदस्ती झाली. तर पहिली गोष्ट घड्याळ. तातडीची गर्भनिरोधक गोळी 72 तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी बरी. मेडिकलमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळते. ती गर्भपाताची गोळी नव्हे; दिवस गेलेले असतील तर तिचा काही उपयोग होत नाही. महिन्याला चार वेळा घ्यायचीही ती नव्हे, पाळीचा पार घोटाळा होतो, आणि रोगांपासून ती काही वाचवत नाही. जबरदस्ती झाली असेल तर कपडे न धुता सरळ सरकारी दवाखान्यात. उपचार फुकट असतात, आणि पोलिसांचा कागद आणा मग बघू, असं डॉक्टरला म्हणता येत नाही.

पाळी चुकली तर आठवडाभर थांबून सकाळच्या पहिल्या लघवीची चाचणी करायची. मेडिकलमध्ये ती पट्टी स्वस्तात मिळते, आशाताईकडं सरकारी पट्टी मिळते. इथं एक हिशोब असतो, तो भल्याभल्या बायकांना माहीत नसतो. डॉक्टर दिवस मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. म्हणजे पाळी चुकली त्या दिवशीच चार आठवडे भरलेले असतात. पोरगी म्हणते, "एकच महिना वर झालाय," आणि सोनोग्राफीत आठ आठवडे निघतात. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टर नऊ आठवड्यांपर्यंतच देतात. घाबरून गप्प बसण्यात जे दिवस जातात, ते सगळ्यात महाग पडतात.

गर्भपात आपल्या देशात 1971 च्या कायद्यानं कायदेशीर आहे. चोरून करायची गोष्ट नाही ती. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतानं आणि अल्पवयीन मुलींसारख्यांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतानं करता येतो. 18 पूर्ण झालेल्या बाईची स्वतःची सही पुरते, नवऱ्याची लागत नाही, नवरा असायलाही लागत नाही. 18 च्या आतल्या मुलीला पालकाची लेखी संमती लागते. आणि अशी मुलगी आली की डॉक्टरांना पोलिसांना कळवावं लागतं, ह्याच भीतीनं आया लेकींना घेऊन भलत्या दारात जातात. पण सप्टेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिचं नाव-गाव द्यायची गरज नाही. हे वाक्य मी माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. आतापर्यंत चार आयांना वाचून दाखवलं.

भलतं दार म्हणजे काय, ते सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. मिरज तालुक्यातलं म्हैसाळ. 2017 च्या मार्चमध्ये तिथल्या एका होमिओपॅथी डॉक्टरच्या दवाखान्यात गर्भपात केलेली एक तरुण बाई दगावली, आणि तपासात पुरलेले 19 भ्रूण सापडले. ते प्रकरण मुलगी नको म्हणून पोट पाडण्याचं होतं, कुमारिकांचं नव्हे. पण चोरदरवाजा तोच असतो. ‘कुणाला कळणार नाही’ एवढ्याच एका वचनावर ती दुकानं चालतात. कुणी गोळ्यांची पुडी हातात ठेवतं, कुणी ‘पिशवी साफ’ करून देतं. गोळी घेतल्यावर तासाला दोन पॅड भिजत असतील, ताप येत असेल, घाण वास येत असेल, तर गोळी कुणी दिली, का दिली, हे नंतर. आधी सिव्हिल गाठायचं.

ह्या सगळ्यात मला आपल्याच जिल्ह्यातली एक बाई नेहमी आठवते. सावित्रीबाई. दर 3 जानेवारीला आपण त्यांचा फोटो पुसतो, हार घालतो, ‘पहिली शिक्षिका’ म्हणतो आणि घरी जातो. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या त्या; जोतीरावांच्या घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगूण. म्हणजे दोघंही आपली सातारची माणसं. बालविधवांचा काळ तो. घरातल्याच पुरुषापासून दिवस जायचे, आणि मग त्या पोरीनं एकतर विहीर जवळ करायची, नाहीतर जन्मलेल्या बाळाचा गळा दाबून काळ्या पाण्यावर जायचं. ह्या दोघांनी 1863 मध्ये पुण्यात, आपल्या राहत्या घरात, अशा बायकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. गुपचूप या, बाळंत व्हा, मूल न्यायचं तर न्या, नाहीतर आम्ही सांभाळू. नुसतं सांगितलं नाही, त्याच्या जाहिराती भिंतींवर लावल्या. तिथंच काशीबाई नावाच्या विधवेला झालेला मुलगा, यशवंत, त्यांनी दत्तक घेतला, डॉक्टर केला. 1897 च्या प्लेगात त्याच्याच दवाखान्यासाठी रोगी आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि त्या गेल्या. शाळेत हा धडा असतो का गं? आमच्या वेळी नव्हता. मुलींना शिकवणारी सावित्रीबाई सगळ्यांना चालते. गरोदर पोरीला घरात घेणारी मात्र मागं राहते.

बरं, तुम्हा होस्टेलच्या पोरींना वाटत असेल की ‘असं’ म्हणजे कॉलेज, बाईक, सज्जनगडाच्या पायथ्याचा चहा. माझ्या रजिस्टरमधल्या कमी वयाच्या गरोदर पोरींपैकी बहुतेकींच्या गळ्यात मंगळसूत्र असतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 20 ते 24 वयाच्या बायकांपैकी 21.9 टक्के बायकांची लग्नं 18 च्या आत झालेली निघाली. आणि 15 ते 19 वयाच्या मुलींत 7.6 टक्के आई झालेल्या किंवा गरोदर होत्या. तेरा मुलींमागं एक. तुझ्या मेसमधल्या एका लांब टेबलावर एक.

दिवाळीनंतर कारखान्यांचे बॉयलर पेटले की मी लसीकरणासाठी ऊसतोड कामगारांच्या तळावर जाते. उसाच्या पाल्याच्या कोप्या, ओळीनं. तिथं नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक ‘कोयता’ म्हणतात आणि मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. म्हणून पोराचं लग्न हंगामाच्या आधी उरकायचं, एक कोयता वाढतो. आणि पोरीचं उरकायचं, कारण आई-बाप सहा महिने फडावर असताना तिला गावाकडं कुणाच्या भरवशावर ठेवणार? मागच्या हंगामात एक आली, कडेवर लेकरू, पोटात दुसरं. मी वय विचारलं. ती सासूकडं बघायला लागली. सासू म्हणाली, "एकोणीस लिवा." मी त्या पोरीचे दात बघितले, मनगट बघितलं. हे वय लिहिताना माझा पेन दरवेळी अडकतो. तिला संस्कृती, चारित्र्य, मोबाइल ह्यांतल्या कशावरही भाषण द्यायची सोय नाही. तिनं सगळं मोठ्यांच्या मनासारखंच केलंय.

बालविवाह थांबवणारा कायदा आहे, गावात ग्रामसेवकालाच त्याचा अधिकारी नेमलंय, 1098 वर कुणीही कळवू शकतं. तुझ्या वर्गातल्या एखादीची सुपारी फुटायची चाहूल लागली तर हाच नंबर. कोण बोललं, ते सांगायची गरज नसते. आणि लग्न झालंच असेल, तर साधनं आहेत. निरोध आहे; रोग आणि दिवस दोन्ही अडवणारं ते एकच साधन. आशाताईकडं मिळतो. दर तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. ‘छाया’ गोळी आहे, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. रोजची माला-एन आहे. तांबी आहे. ‘तांबी वर छातीत चढते’ असं तुझ्या आजीनं मला सांगितलं होतं. चढत नाही. आजीला मी पिशवीचं चित्र काढून दाखवलं, तर म्हणाली, "मग मला चाळीस वर्षांपूर्वी का नाही दाखवलंस?"

एक शेवटचं, सांगलीचं. तुझ्याच शहरात 1992 पासून मीना शेषूंची ‘संग्राम’ संस्था वेश्याव्यवसायातल्या बायकांबरोबर एड्सविरुद्ध काम करत आली. निरोध वाटायला, समजवायला बाहेरच्या शिकलेल्या बाया नेमल्या नाहीत, वस्तीतल्या बायकाच पुढं झाल्या. 1996 मध्ये त्यांनी स्वतःची संघटनाही काढली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद. मला ह्यात मोठं वाटतं ते हे, की ज्या बाईला सगळं गाव नावं ठेवतं, ती पुरुषाच्या डोळ्याला डोळा भिडवून ‘आधी हे वापर’ म्हणायला शिकली. आणि आपल्या घरातल्या चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या सुना नवऱ्याला तेवढंही म्हणू शकत नाहीत. मी म्हणू शकले नव्हते.

ती मुलगी परत आली तर तिच्या पलंगाशी जाऊन बस. काही विचारू नकोस. बुडालेल्या नोट्स दे. परत आली नाही तर तिचं नाव कुजबुजीत निघेल तेव्हा तू उठून पाणी प्यायला जा, एवढं तरी तुझ्या हातात आहे. रेक्टरना चालणार असेल तर मीच येऊन बोलते, एका रविवारी, खोका घेऊन. मोठ्या सरकारी दवाखान्यांत तुमच्या वयासाठी ‘मैत्री’ नावाचं केंद्रही असतं, तिथं कधी आपण दोघी जाऊ.

ही चिठ्ठी वाचून झाली की फाड, किंवा राहू दे, काकीच्या हाती लागली तर तीही वाचेल. बरंच होईल. डबा रिकामा परत पाठवतेय, धुऊन. आणि पुढं कधी काही झालं, तुला किंवा तुझ्या ओळखीतल्या कुणालाही, रात्री दोन वाजले असले तरी, फोनवर फक्त एवढंच लिही: ‘अक्का, भडंग संपलं.’ काकीनं बघितलं तरी तिला काही कळणार नाही. मी पहिल्या गाडीनं निघते.